आमची पांदण मोकळी झाली

ताडपत्रीचं टोक उचललं आणि आतली गरम वाफ तोंडावर आली. सोयाबीनच्या गंजीत हात घातला, तर शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले. परतीचा पाऊस आठ दिवस बसला होता. तो उघडला तरी थ्रेशर वावरात येईना, कारण गावापासून आमच्या वावरापर्यंतची सव्वा किलोमीटरची पांदण म्हणजे नुसता चिखल. त्या वर्षी अर्धी गंजी मी आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उकिरड्यावर टाकली. त्याच रात्री ठरवलं, पांदण मोकळी करायचीच.

मी अमरावतीत वाढले. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. गाव मला मनापासून आवडतं. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर कुणीतरी आंबाडीची जुडी ठेवून गेलेलं असतं. कुणी ते विचारायचं नाही, संध्याकाळपर्यंत आपोआप कळतं. थंडीत धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून जवारीचा हुरडा खावा, पोळ्याला गल्लीतल्या प्रत्येक बैलजोडीला ओवाळावं. माझी लेक शाळेतून आली की चार घरांत जेवून येते आणि मला काळजी नसते.

पण आमची काळी माती कापसाला जेवढी मानवते, तेवढीच पावसाळ्यात माणसाला छळते. गाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतते. मग वेचणीच्या बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन गावापर्यंत चालत येतात. दिवसभर वाकून वेचायचं आणि वर हे ओझं. पांदणीचा त्रास सगळ्यांत जास्त बायांनाच होतो, आणि पांदणीच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही.

पांदण अडवणारं कुणी परकं नव्हतं. पहिलं वावर काकाजींचं. त्यांच्या घरून आमच्याकडे दही येतं, माझ्या बाळंतपणात काकूंनीच डिंकाचे लाडू केले होते. दर उन्हाळ्यात वखर पाळीला धुरा हातभर पुढे सरकायचा. अशी वीस-पंचवीस वर्षं, दोन्ही बाजूंनी. उरलेल्या जागेत बाभळी अन् घाणेरी. मी बोलायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, माह्या आज्यापासून धुरा इथंच हाये." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

म्हणून भांडण न करता आधी कागद काढले. भूमी अभिलेखातून गावनकाशा आणला. नकाशावर एक तुटक रेष म्हणजे पाऊलवाट, दोन तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता. आमच्या पांदणीला दोन रेषा होत्या. दुसरा कागद महाराष्ट्रात फक्त विदर्भातल्या गावांनाच मिळतो, तो वाजिब-उल-अर्ज. गावातल्या वहिवाटीचे, रस्त्यापाण्याचे पूर्वापार हक्क त्यात लिहिलेले असतात. आमच्या गावच्या नकलेत ही पांदण नावानिशी सापडली. ती ओळ वाचताना माझे डोळे भरून आले.

अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा यात मात्र दोन महिने गेले. जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143 रस्ताच नसलेल्यांसाठी आहे, धुऱ्यावरून नवी वाट मागायला. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली वाट अडवल्याची दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. आमचं दुखणं वीस वर्षांचं. शेवटी नकाशावरच्या रस्त्याचं अतिक्रमण काढा, असा साधा अर्ज केला आणि अकरा वावरवाल्यांच्या सह्या घेतल्या. तारखा पडल्या, एकदा फाईल सापडेना, एकदा साहेब बदलले. माझ्या वेचणीच्या दिवसांतले सात दिवस तहसीलच्या बाकड्यावर गेले, याचा राग अजून आहे.

नोटीस गेली त्या दिवशी काकाजींच्या घरून दही आलं नाही. पुढचे तीन महिने आलं नाही. शहरात शेजाऱ्याशी बिघडलं तर दार लावून घेता येतं. इथे विहिरीवर तेच, किराणाच्या दुकानात तेच, रात्रीच्या पाळीची लाइन आली म्हणून मोटर सुरू करायला जावं तर अंधारात बॅटरी घेऊन तेच. ते तीन महिने मला फार जड गेले.

मंडळ अधिकारी पाहणीला आले, पंचनामा झाला, मग मोजणी. खुणा गाडल्या तेव्हा कळलं की आमचाही धुरा चार हात आत आला होता. मामाजी गप्प उभे राहिले. मग पुढे झाले अन् म्हणाले, "पह्यले आमचा काढा." आमच्या धुऱ्यावरची दोन बोरीची झाडं त्यांनी स्वतः तोडली. काकाजी हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हातानं तुऱ्हाट्यांचं कुंपण उपटलं. आदेशाचा कागद त्यानंतर नऊ दिवसांनी आला.

काम मे महिन्यात केलं, वावरं रिकामी असतात म्हणून. वर्गणी काढून जेसीबी लावला. सगळ्यांना मुरूम टाकायची घाई होती. मी अडून बसले की आधी दोन्ही बाजूंनी नाल्या, खोलगट जागी सिमेंटचे पाइप, मग मुरूम. काळ्या मातीत पाणी निघालं नाही तर मुरूम एका पावसाळ्यात गिळला जातो. पैसे संपले म्हणून शेवटचा दोनशे मीटरचा तुकडा तसाच राहिला. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव दिलाय. त्या ठरावाच्या सभेला मात्र वेचणीच्या चौदा बाया आल्या होत्या.

गेल्या ऑक्टोबरात थ्रेशर आला. आधी काकाजींच्या वावरात थांबला, मग आमच्या. अंधार पडायच्या आत पोती घरी लागली. वऱ्हांड्यात शेवटचं पोतं टेकवत होतो, तेवढ्यात काकू आल्या. हातात झाकलेला गंज होता. दही थोडं आंबट झालं होतं. मामाजींनी दोन वाट्या खाल्लं.