खांबांमधली मोकळी जागा : सिंगापूरच्या तोआ पायोहमधले चार दिवस

तोआ पायोह या सिंगापूरच्या जुन्या वसाहतीत मी मावसबहिणीकडे उतरलो होतो. लिफ्टमधून तळमजल्यावर आलो, तर समोर ना दुकान, ना घर, ना गाड्या; नुसते खांब आणि त्यांच्यामधून आरपार वाहणारा वारा. इथे याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. सरकारी गृहनिर्माण मंडळाने १९७०च्या दशकापासून इमारतींचे तळमजले असे मोकळे ठेवले.

या सरकारी वसाहतींतल्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांचे प्रमाण किती असावे, याची मर्यादा १९८९ पासून ठरलेली आहे. घर विकताना अल्पसंख्याकांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळणे अवघड जाते, ही तक्रार मला रास्त वाटते. शिवाय नियमाने माणसे फार तर एका जिन्यावर येतात. दारे बंदच राहिली, तर ओळख होणार कुठे?

याचे उत्तर मला पहिल्याच संध्याकाळी खाली मिळाले. एका चिनी शेजाऱ्यांचे निधन झाले होते आणि मांडव घालून तिथेच त्यांचे अंत्यदर्शन ठेवले होते. टेबलावरच्या बशीत लाल दोऱ्याचे तुकडे होते. ताई हलक्या आवाजात म्हणाली, “एक घे, बोटाला गुंडाळ आणि घरात शिरण्यापूर्वी टाकून दे.” ही रीत तिला शेजारच्या आजींनी शिकवली होती. मांडव उठला आणि दोनच दिवसांनी त्याच फरशीवर एका मलय मुलीचे लग्न लागले. बिर्याणीच्या पंगतीला दोन दिवसांपूर्वी मांडवात बसलेले कितीतरी चेहरे मला पुन्हा दिसले.

या जागेला एकच एक काम नेमून दिलेले नाही, म्हणूनच ती सगळ्यांची होते, असे मला ठामपणे वाटते. नव्या इमारतींत ती आक्रसत चालली आहे आणि अनेक ठिकाणी चेंडू खेळण्यास मनाई करणाऱ्या पाट्या आहेत, हे पाहून वाईट वाटले. पुण्यात आपणही इमारती खांबांवर उभ्या करतो, पण खालची सगळी जागा गाड्यांना देऊन टाकतो. पारावर बसणाऱ्या समाजाने हे इतक्या सहज कसे स्वीकारले, हे मला उमगत नाही.

निघालो त्या सकाळी फरशी धुऊन झाली होती. बुद्धिबळाचा पट कोरलेल्या दगडी टेबलाशी दोन म्हातारे सोंगट्या मांडत होते आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले त्यांच्याभोवती गोळा झाली होती.