टेलला पाणी कवा येणार?

तंत्रज्ञानावरचं व्याख्यान असलं की माईक हमखास बिघडतो. संतसाहित्यावर कुणी बोलत असताना तो बिघडल्याचं मला आठवत नाही. कीर्तनात तर प्रश्नच नाही. बुवांचा आवाज माईकविना वेशीपर्यंत जातो हे माईकलाही ठाऊक असावं. पण पाहुणे उठून ‘विज्ञानाने आज मानवाचे जीवन सुकर केले आहे’ म्हणाले रे म्हणाले, की कर्ण्यातून अशी शिट्टी निघायची की पुढे बसलेली लेकरं कान झाकून हसायची. मग मंडपवाल्याचा पोरगा दातांनी वायर सोलत मंचावर चढायचा. दोन पीळ, एक थाप, ‘हॅलो, हॅलो, चेक’. त्या घडीला अख्ख्या मंडपात खरोखरचं इंजिनिअरिंग करणारा तो एकटाच असायचा. आभार मानताना त्याचा नंबर शेवटी, ‘ज्ञात-अज्ञात’ मंडळींत.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. ऐंशीच्या दशकात गणपती बसले की दहा दिवसांत तीन-चार व्याख्यानं ठरलेली. एक संतांवर, एक शिवचरित्रावर, आणि एक आधुनिक विषयावर. हे आधुनिक म्हणजे त्या वर्षी जो कोणी साहेब बदलून गावात आला असेल तो. वीज मंडळाचे साहेब आले तर वीज, टेलिफोनचे आले तर टेलिफोन, आणि कुणीच नसेल तर कॉलेजचे फिजिक्सचे सर, ते दरवेळी अंतराळावर बोलायचे. मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांच्या घरी पिठलं-भाकरी.

माझे आबा या तिसऱ्या व्याख्यानाला न चुकता जायचे. शेती कालव्याच्या खालच्या अंगाला, शिक्षण निजामाच्या राजवटीत सहावीपर्यंत, तेही उर्दूत. पीडब्ल्यूडीला शेवटपर्यंत ‘तामीरात’ म्हणणारा माणूस. व्याख्यान विजेवर असो की अवकाशयानावर, ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की आबा गुडघ्यावर हात देऊन उठायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, “साहेब, समदं पटलं. पन टेलला पाणी कवा येणार तेवढं सांगा.”

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. कालव्याच्या सुरुवातीला हेड म्हणतात, शेवटाला टेल. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो तो २०८ किलोमीटर चालतो. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली, उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. नाथसागराच्या, म्हणजे याच धरणाच्या, सत्तावीस दरवाजांचे फोटो आमच्याकडे कॅलेंडरवर असायचे. पाणी मात्र ठरलेली पाळी सुटल्यावरही आमच्या चारीला, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या पोटपाटाला, येईपर्यंत वरच्यांचा ऊस भिजून गेलेला असायचा. ‘टेलवाला’ ही आमच्याकडे जातच आहे म्हणा ना. लग्न जमवतानासुद्धा विचारतात, जमीन हेडला की टेलला?

तर एका वर्षी पाटबंधारे खात्याचे डेप्युटी इंजिनिअर बोलायला आले. बहुधा १९८४ असावं, मी नववीत होतो. साहेबांनी येताना भाषणाचा कागद आणला नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची प्लास्टिकची नळी आणली, आणि पितळी तांब्या. नळीत पाणी भरलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं मंडपाच्या पार मागच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या एका गड्याच्या हातात. “वर कर,” साहेब म्हणाले. मी नळी वर केली तर पाणी खाली सरकलं. खाली केली तर वर आलं. म्हणजे पाणी हललंच नव्हतं, माझाच हात हलत होता. दोन्ही टोकांची पातळी खांबांवर खडूने आखली आणि साहेबांनी सुतळी ताणून दाखवली. मंडपाची जमीन मागच्या बाजूला चांगली वीतभर खाली होती. इतकी वर्षं त्या मंडपात बसून एकालाही कळलं नव्हतं.

मग साहेब म्हणाले, “आता ऐका. मोठ्या कालव्याला एका किलोमीटरला जेमतेम एवढाच उतार असतो, एखादी वीत. कधी तेवढाही नाही.” मंडप गप्प झाला. वीतभर उताराच्या जोरावर पाणी पैठणहून आपल्याकडे चालत येतं, हे ऐकून मला तेव्हा कालव्याबद्दल एकदम माया वाटली. उतार जास्त दिला तर पाणी माती खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो, असं साहेब सांगत होते. मधेच कुणी दगड टाकला, कुणी काठ फोडून पाईप घातला, की वीतभर उताराचं गणित तिथंच मोडतं. सगळं तळहातावर ठेवल्यासारखं.

शेवटी आबा उठले. प्रश्न तोच. पण त्या दिवशी साहेब हसले नाहीत. म्हणाले, “बाबा, नळी खरं सांगते, पण वरच्या पंधरा गावांनी खरं वागायला पाहिजे. ते मला शिकवलेलं नाही.” आबा खाली बसले आणि वाटेत मला म्हणाले, “हा मानूस इमानदार हाय.” आबांकडून एखाद्या साहेबाला मिळालेलं हे एवढंच प्रमाणपत्र.

पुढच्या वर्षी विषय दूरदर्शन होता. त्याच्या पुढे कधीतरी संगणक. संगणकावर बोलणाऱ्या सरांना आबांनी विचारलं, “त्या पेटीतून टेलला पाणी काढता येईल का?” मंडप खो-खो हसला, सरही हसले. मलाही लाज वाटली होती. आज सेन्सर लावून कालव्याचं पाणी मोजायच्या गोष्टी निघतात तेव्हा वाटतं, मूर्खासारखं हसलो आपण.

भाषेचा एक घोळ नेहमी व्हायचा. वीज मंडळाचे साहेब शुद्ध मराठीत बोलायचं ठरवून आले होते. ‘रोहित्र’, ‘रोहित्रावरील भार’, ‘विद्युतदाब’. दहा मिनिटं लोक माना डोलवत होते. मग मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, रोहित्र म्हंजी कोन्ती बया?” साहेब गडबडले. मंडपवाल्याच्या पोरानेच सांगितलं, “डीपी हो, डीपी!” म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आणि सगळा मंडप ‘हां!’ म्हणाला. डीपी जळली, फेज गेली, स्टार्टर चिकटला, मोटर जळली, या भाषेत आमच्या शेतकऱ्याइतकं अस्खलित कुणी बोलू शकत नाही. आबा यावर हैदराबादचा दाखला द्यायचे. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम १९१८ मध्ये स्थापनेपासूनच उर्दू, आणि त्यासाठी सरकारने भाषांतराचं खातंच उघडलं होतं. “आमच्या हैदराबादेत साइन्स बी उर्दूत शिकवत,” असं ते ऐटीत सांगायचे. ती ऐट मला पुरती पटली नाही. परभणीच्या कुणब्याला उर्दूतलं विज्ञान तरी कुठे जवळचं होतं? ऐकायचं एका भाषेत आणि बांधावर येऊन समजून घ्यायचं दुसऱ्या. रोहित्राचं तेच झालं, फक्त आता परकी भाषा आपलीच होती.

पुढे कधीतरी मी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनबद्दल वाचलं. तिथे हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांना घोडागाड्यांची इतकी गर्दी व्हायची, की त्यापायी तो रस्ता शहरातला पहिला एकेरी रस्ता झाला, असं सांगतात. १८१२ मध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानातला एक उमेदवार पोरगा, मायकेल फॅरडे, एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटावर तिथे जाऊन बसला. त्याने टिपणं काढली, ती स्वतःच बांधली आणि डेव्हीला पाठवून नोकरी मागितली. पुढे तोच त्या मंचावर उभा राहिला. मुलांसाठीची नाताळातली व्याख्यानं तिथे १८२५ पासून चालू आहेत, आणि फॅरडे त्यात एका मेणबत्तीवर आख्खी मालिका बोलला. पण मला आवडते ती वेगळीच गोष्ट. सुरुवातीला तो घाईने बोलायचा, म्हणून समोर ‘सावकाश’ लिहिलेलं कार्ड ठेवून घ्यायचा, आणि तास संपत आला की मदतनीस ‘वेळ’ असं लिहिलेलं कार्ड पुढे करायचा. आमच्याकडे अध्यक्षीय समारोपाला असं कार्ड दाखवायची कुणाची छाती नाही.

फॅरडेला मेणबत्ती, डेप्युटी साहेबांना नळी. कीर्तनकारालाही हे जमतं: हातातली चिपळी, समोरचा टाळकरी, कुणाचंही उदाहरण करतो, आणि दर पाच मिनिटांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणवून माणसाला श्वास घेऊ देतो. वेरूळला कैलास लेणं दाखवणाऱ्या गाईडचंही तसंच. राणीने नवस केला की कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, कारागीर घाबरले, मग पैठणच्या कोकासाने डोंगर वरूनच फोडायला घेतला आणि आठवड्यात कळस दाखवला. ही दंतकथा आहे हे गाईडही जाणतो. पण वरून खाली कोरत आलं तर परांची बांधायची गरज राहत नाही आणि चूक झाली तर भर घालायला दगडही उरत नाही, हे ऐकणाऱ्याला राणीच्या उपवासामुळेच नीट कळतं.

हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. १९९३ साली विसर्जन आटोपून गाव झोपलं आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आमच्याकडे भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, एवढंच. लातूर-उस्मानाबादकडे मात्र हजारो माणसं स्वतःच्या घराच्या दगडांखाली गेली. नंतर मावशीच्या गावी, औसा तालुक्यात, एका इंजिनिअरचं बोलणं ऐकलं. मंडप नव्हता, पत्र्याच्या शेडसमोर माणसं बसली होती. तो सांगत होता की दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे माती आणि गोटे, दोघांना बांधणारा आरपार दगडच नाही, आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडतात. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कवटाळणारा सिमेंटचा पट्टा घाला, म्हणत होता. त्या दिवशी कुणी शिट्टी मारली नाही, कुणी चहाची चौकशी केली नाही. एक म्हातारा गवंडी पुढे बसला होता. तो मधेच म्हणाला, “आरपार दगड आमचा बाप टाकायचा. आमी सोडला.” इंजिनिअर थांबला, आणि पुढचा अर्धा तास तो गवंडीच बोलत होता.

मग अभियंता दिनाच्या व्याख्यानांचा काळ आला. पंधरा सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिन. गावोगावी पॉलिटेक्निक निघाली, तशी ही व्याख्यानं. बॅनर, समई, स्वागतगीत, आणि मग तो रेल्वेचा किस्सा, रुळाच्या आवाजावरून त्यांनी म्हणे पुढचा रूळ तुटल्याचं ओळखलं. दरवर्षी तोच रूळ. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे फारसं कुणी समजावून सांगत नाही. आणि हैदराबादचं तर मी मराठवाड्यातल्या एकाही अभियंता दिनाला ऐकलेलं नाही. १९०८ मध्ये मूसी नदीच्या पुराने हैदराबाद धुऊन नेलं, निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं, त्यांनी सुचवल्याप्रमाणे नदीवर आणि तिच्या उपनदीवर वरच्या बाजूला पाणी अडवलं गेलं: १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर. पूरही आवरला, प्यायला पाणीही मिळालं. आपण तेव्हा त्याच राज्याचे. पंधराला त्यांचा दिवस, सतराला मुक्तिदिन, मधे एकच दिवस. तो ओलांडून कुणी जोडत नाही.

आता काय, व्याख्यान खिशात आलं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे आख्खे अभ्यासक्रम एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत. माझा मुलगा पुण्यात असतो, तो ते दीडपट वेगाने ऐकतो. फॅरडेचं ‘सावकाश’चं कार्ड त्याला दाखवावंसं वाटतं. पण खोटं कशाला बोलू, मीही रात्री ऐकतो. उघड्या कालव्यातल्या प्रवाहावरचे धडे मी साठीकडे झुकल्यावर ऐकले. ते प्राध्यापक फळ्यावर जे समीकरण मांडत होते ते नळीवालं वीतभर उताराचंच होतं, हे कळायला मला तीन भाग लागले. कळलं तेव्हा मध्यरात्री एकटाच ‘हां!’ म्हणालो. बायको जागी झाली. पडद्यावरचे सर पुढे निघून गेले होते. त्यांना थांबवून विचारायची सोय नाही, आणि तिथे आबाही नाहीत.

यंदा इथल्या कॉलेजात पंधरा सप्टेंबरला गेलो. बोलायला एक तरुण मुलगी आली होती, पाण्याच्या मोजमापाचं काम करणारी. स्लाइडा होत्या, त्यातली अर्धी अक्षरं मागून दिसत नव्हती. पुढे सोफ्यांवर मान्यवर, मधे हजेरीसाठी बसवलेली पोरं, मागे मी. माईक दोनदा गेला. कालव्यात ठिकठिकाणी सेन्सर लावले तर कुठे किती पाणी कमी होतं ते मोबाईलवर दिसेल, असं ती सांगत होती. बोलणं चांगलं होतं, जरा घाईचं. ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर पोरं उठायच्या तयारीत, शिपायाने तर कडेच्या खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या होत्या.

मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. टोपी नव्हती, तरी हात डोक्याकडे गेला.

“म्याडम, सगळं पटलं. पण टेलला पाणी कधी येणार?”

पोरं हसली. ती नाही हसली. मंचावरून खाली उतरली, खुर्च्यांमधून माझ्यापर्यंत आली, वहीचं कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडून म्हणाली, “काका, तुमचं शेत कितव्या चारीवर आहे?”

शेत गेली वीस वर्षं बटईने आहे. चारीचा नंबर आबांना पाठ होता. मला तो काही केल्या आठवेना.