सुपरचार्जर, एअर फिल्टर आणि माळव्याची धूळ

फिल्टरच्या खोक्यावर ‘५० टक्के जास्त हवा’ असं ठळक छापलेलं असतं. कशाच्या मानाने जास्त, किती दाबाला जास्त आणि त्या जास्तीच्या हवेबरोबर धूळ किती आत जाणार, हे मात्र खोक्यावर नसतं. सुपरचार्जरच्या गाडीला नेमके हेच प्रश्न महाग पडतात, आणि इंदूरसारख्या गावात तर दुप्पट महाग.

आधी सुपरचार्जर काय करतो ते पाहू. तो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. त्यातला रूट्स जातीचा ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. इटन कंपनीच्या ‘एम४५’ ब्लोअरच्या नावातच सगळं आलं: एका फेऱ्याला ४५ घन इंच, म्हणजे पाऊण लिटरला थोडी कमी हवा. ‘आर१३२०’ म्हणजे १.३२ लिटर. पुलीचं माप ठरलं की फेरे ठरले, आणि फेरे ठरले की घनफळ ठरलं. त्या घनफळात हवा दाट येते की विरळ, एवढंच बाकी राहतं आणि तिथे फिल्टरचा संबंध येतो. टर्बोच्या गाडीत, म्हणजे जिथे हाच पंप धुराच्या झोतावर फिरतो तिथे, फिल्टर थोडा तुंबला तर कंट्रोल युनिट वेस्टगेट (जास्तीचा धूर सोडून देणारी झडप) आवळून बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, भरून काढतं. सुपरचार्जरला ती सोय नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. फिल्टरमुळे १ किलोपास्कल पडला की हवेच्या वजनातला १ टक्का गेला, आणि तो सरळ पॉवरमधून वजा. ३८० हॉर्सपॉवरच्या गाडीत ढोबळमानाने चार.

आता हवा किती लागते त्याचा अंदाज. पेट्रोलच्या सुपरचार्ज्ड इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ४० लिटर हवा धरा. जग्वार एफ-टाइपच्या ३ लिटर व्ही६ ला, ३८० हॉर्सपॉवरच्या, पूर्ण जोरावर मिनिटाला १५ हजार लिटर लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या १५ टाक्या, एका मिनिटात. मर्सिडीजच्या १६३ हॉर्सपॉवरच्या एसएलके २०० कॉम्प्रेसरला साडेसहा टाक्या. एवढी हवा ज्या कागदातून जाते त्याचं क्षेत्रफळ हाच निवडीचा पहिला निकष, ब्रँड नंतर.

क्षेत्रफळ मोजायला टेप पुरते. घड्या मोजा, एका घडीची खोली आणि लांबी घ्या, गुणाकार करून दुप्पट करा. ६० घड्या, ४ सेंटीमीटर खोल, २० सेंटीमीटर लांब, तर ९,६०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. त्याच बॉक्सात बसणारे दोन फिल्टर दुकानात शेजारी ठेवून हे गणित केलं की स्वस्त नकलेतल्या दहा-बारा घड्या कुठे गेल्या ते कळतं. क्षेत्रफळ दुप्पट झालं की कागदातून जाणाऱ्या हवेचा वेग अर्धा होतो आणि धूळ साठवायची ताकद दुपटीहून जास्त वाढते. पण घड्या एकमेकींना चिकटतील इतक्या दाट असल्या तर तळापर्यंत हवा पोचतच नाही, मग क्षेत्रफळ नुसतं कागदावर.

मात्र काहीही विकत घेण्याआधी मोजमाप करा. बहुतेक सुपरचार्ज्ड गाड्यांत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) ब्लोअरच्या आधी असतो, म्हणून दाबाची नळी फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधेच लावायची. थ्रॉटलच्या पुढे लावलीत तर अर्ध्या ॲक्सिलरेटरला भलतेच आकडे दिसतील. दुसरी नळी फिल्टर बॉक्सच्या मळक्या बाजूला. सर्वाधिक आकडा धरून ठेवणारा डिजिटल मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, उत्तम. तो नसेल तर पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला १०.२ सेंटीमीटर फरक म्हणजे १ किलोपास्कल. नळीच्या भुजा किमान मीटरभर ठेवा. आखूड नळीतलं पाणी इंजिन गटकन ओढून घेतं. आणि हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून पॉवर मोजणाऱ्या रोलरवर करायचं, सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर नाही.

नवा मूळ फिल्टर घालून रेडलाइनजवळ (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांजवळ) थ्रॉटलआधीच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा एकूण घट २ किलोपास्कलच्या आत असेल तर माझ्या मते फिल्टर बदलून पैसे घालवू नयेत. जास्त असेल तर दोन नळ्यांमधला फरक पाहा. तो फिल्टरचा वाटा. पुष्कळदा मोठी घट फिल्टरची नसतेच, बंपरमागच्या अरुंद तोंडाची किंवा चेपलेल्या वळणाची असते. तिथे जगातला कोणताही फिल्टर घातलात तरी आकडा तोच.

आता धुळीकडे. माळव्याची काळी माती बेसाल्टची, कोरडी असताना पिठासारखी बारीक. तिच्यात बांधकामांची वाळू आणि डंपरमधून सांडणारी रेती मिसळते. वाळूतला क्वार्ट्झ लोखंडाहून कठीण असतो. पाच ते वीस मायक्रॉनचे कण सगळ्यात घातक, कारण पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यातल्या तेलाच्या थराएवढीच त्यांची जाडी. सुपरचार्जरच्या गाडीत त्याच्याही आधी मार खातात ते ब्लोअरच्या आत फिरणारे रोटर. त्यांच्यातली फट अगदी थोडी असते आणि वर लेप असतो. लेप घासला की फट वाढते, दाबलेली हवा मागे गळते, बूस्ट कमी आणि उष्णता जास्त. हे नुकसान फिल्टर बदलून परत येत नाही.

म्हणून कापसाच्या तेलकट फिल्टरबद्दल मी इथे सावध आहे. त्यातून हवा मोकळी जाते हे खरं, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद त्याच्या पुढे असतो. विकणाऱ्याकडे आयएसओ ५०११ चाचणीचा निकाल मागा; त्यात धूळ अडवण्याचं प्रमाण, दाबातली घट आणि धूळ साठवण्याची क्षमता असे तीनही आकडे असतात. एकच आकडा दाखवला तर बाकीचे दोन का नाहीत ते समजून घ्या. ९९ आणि ९७ हे जवळजवळ सारखे वाटतात, पण आत जाणारी धूळ एकात १ टक्का आणि दुसऱ्यात ३, म्हणजे तिप्पट. कोरडा सिंथेटिक फिल्टर हा मधला आणि बहुतेकांना पुरणारा मार्ग. फोमचा फिल्टर रॅलीच्या गाडीला ठीक, पण दर थोड्या दिवसांनी धुवून तेल लावायची तयारी हवी.

तेलकट फिल्टर घालायचाच असेल तर तेलाचं प्रमाण सांभाळा. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर नको, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडं वजन टिपून ठेवा. कंपनीने सांगितलं तेवढंच तेल प्रत्येक घडीवर एकदा, मग वीस मिनिटं थांबून फिकट डाग तेवढे भरायचे. जास्तीचं तेल उडून हवेच्या सेन्सरच्या तारेवर बसतं, तार हवा कमी मोजते, आणि बूस्टखाली मिश्रण पातळ होतं. साध्या गाडीत याने नुसता चेक इंजिनचा दिवा लागेल, इथे नॉकिंग होऊन, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून, पिस्टन जाऊ शकतो. फिल्टर बदलण्याआधी आणि नंतर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोल युनिटचे आकडे वाचणारं यंत्र) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे युनिटने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती, पाहा. पाच टक्क्यांहून जास्त सरकलं तर सेन्सर तरी मळला आहे किंवा कुठेतरी हवा गळते आहे. सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवायचा, कार्ब क्लीनरने नाही.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर, हा सगळ्यात लाडका प्रकार. ब्लोअरचा आवाज छान येतो, आणि तेवढंच येतं. गणित पाहा. मे महिन्यात बाहेर ४० अंश, बॉनेटखाली पलासियाच्या सिग्नलवर सहज ६०. हवा तापल्याने वजनात ६ टक्के घट. कोनने फिल्टरची घट १ किलोपास्कलने कमी केली तरी कमाई १ टक्का. शिवाय ब्लोअरमधून जाताना ते २० अंश २५ होतात, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर ताण येतो, इग्निशन मागे सरकतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कोन हवाच असेल तर त्याला बंद बॉक्स आणि बाहेरून हवेची नळी द्या. ब्लोअरकडे जाणारी सिलिकॉनची नळी तारेची मजबुती असलेली घ्या, नाहीतर जोरात ओढताना ती चपटी होते आणि बिचाऱ्या फिल्टरला दोष मिळतो.

बसवताना खरी परीक्षा सीलची असते. फिल्टरच्या कडेला बोटाने पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावा, बॉक्स बंद करा, २०० किलोमीटरनंतर उघडा. थरावर कुठे तपकिरी रेघ आडवी ओलांडून आतल्या बाजूला गेली असेल तर तिथून धूळ जाते आहे. मग स्वच्छ बाजूच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. बोटाला रवाळ लागलं तर कागद कितीही भारी असो, उपयोग शून्य. बॉक्सच्या एका मोडक्या क्लिपमुळे होणारी गळती स्वस्त फिल्टरपेक्षा वाईट.

गॅरेजमध्ये ‘हवा मारून देतो’ म्हणतात, त्याला नको म्हणा. कॉम्प्रेसरच्या झोताने कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च लावून पाहा, भोकं चांदण्यांसारखी दिसतात. कागदी फिल्टर झटकून परत घालण्यापेक्षा बदलावा, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेलं अंतर इथे निम्मं धरावं. मळका फिल्टर मुळात वाईट नसतो, थोडी धूळ बसल्यावर तो बारीक कण जास्त अडवतो. बदलायची वेळ रंगावरून ठरवू नका, मॅनोमीटरवर नव्या फिल्टरपेक्षा दीड किलोपास्कल वाढलं की बदला. ऑइल बदलताना प्रयोगशाळेत नमुना दिलात तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोह तिन्ही एकत्र वाढलेत का ते पाहा. एकटं सिलिकॉन नव्या सीलंटमुळेही वाढतं.

पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकवर जाणार असाल तर आदल्या दिवशी नवा फिल्टर. शहरात दोन-चार सेकंद पूर्ण जोर लागतो, तिथे तो मिनिटं-मिनिटं लागतो, आणि तुंबलेला फिल्टर तिथेच उघडा पडतो. पावसाळ्यात चाकाजवळ खाली तोंड असलेली नळी काढून मूळ तोंड बसवा. साचलेल्या पाण्यातून ब्लोअरने एक घोट घेतला तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. कागद ओला झाला तर वाळवत बसू नका, बदला. आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या दिशेने गाडी काढू नका. तोफांतून उडणारा गुलाल काळ्या मातीहून हलका असतो, कागदावर थरच चढतो. निघालीच गाडी तर घरी येऊन आधी बॉक्स उघडा, गाडी नंतर धुवा.