सोमवारच चालतो

पाठीवर पट्ट्या चिकटवायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मिळवायला मला पाच सोमवार लागले.

तीन पावसाळे माझी मान, पापण्या आणि कोपराच्या लवणी पेटत होत्या. शर्टाखालचं अंग मात्र स्वच्छ. आधी गजकर्ण म्हणून मलम झालं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून रक्ताची ॲलर्जी तपासणी केली आणि तिच्या यादीबरहुकूम सहा महिने वांगं नि अंडं सोडलं. इसब तिथंच राहिला, वजन तेवढं उतरलं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "शेतात काँग्रेस गवत आहे का?" आमच्या पुरंदरात हे विचारणं म्हणजे रानात ढेकळं आहेत का विचारण्यासारखंच. त्यांनी पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ॲलर्जी कशाची ते शोधायची तपासणी, लिहून दिली आणि पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

पहिल्या सोमवारी केसपेपर हातात पडेपर्यंत बारा वाजले. पॅच टेस्टची नावनोंदणी साडेदहालाच बंद झालेली. मी म्हटलं, उद्या येतो. दारावरचे मामा म्हणाले, "सोमवारच चालतो." त्यात गणित आहे, ते मला फार नंतर कळलं. सोमवारी पट्टी लावली की ४८ तासांनी, बुधवारी, काढून बघतात आणि शुक्रवारी पुन्हा बघतात. मंगळवारी लावली तर शेवटचं बघणं शनिवारी येतं, आणि शनिवारी तो विभाग बंद. एवढं सांगायला मामांना किती वेळ लागला असता?

दुसऱ्या सोमवारी नऊलाच हजर झालो. आत सिस्टरनी विचारलं, "इंजेक्शन वगैरे घेतलंय का?" घेतलं होतं. गावच्या डॉक्टरांनी खाज उतरायला दहा दिवसांपूर्वीच दिलेलं. कसलं, ते मला ठाऊक नव्हतं. फोन लावून विचारलं तर निघालं स्टेरॉइड, अंगात बरेच दिवस टिकणारं. "चार आठवड्यांनी या." तेव्हा मी चिडलोच. पण कारण खरं होतं. या ॲलर्जीत रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या पदार्थाला ओळखून ठेवतात आणि पुन्हा गाठ पडली की दोन-तीन दिवसांनी त्वचेवर उठतात. स्टेरॉइडनं त्याच पेशी दबलेल्या असल्या तर पट्टीखाली काहीच उठत नाही आणि ॲलर्जी असून नाही म्हणून कागद मिळतो. पाठीला स्टेरॉइड मलम लावत असाल तर तेही आधी बंद करावं लागतं. हे खिडकीवर एका ओळीत लिहून लावलं असतं तर माझा तो सोमवार वाचला असता.

तिसऱ्या सोमवारी किट संपलेलं. दोन आठवड्यांनी चौथा, तर सरकारी सुट्टी! हा दोष माझा. कॅलेंडर घरात टांगलेलंच होतं.

पाचव्या सोमवारी लागल्या एकदाच्या पट्ट्या. त्यात बारीक बारीक कप्पे, प्रत्येकात वेगळा पदार्थ: निकेल, रबरातली रसायनं, सुगंधी द्रव्यं आणि पार्थेनियम, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. ही पद्धत याडासोन या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली मांडली, तीच अजून चालते. दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही, म्हणून शक्यतो उन्हाळ्यात जाऊ नका. येताना एसटीत सासवडपर्यंत पाठ न टेकता बसलो, याचा मला अजून अभिमान आहे. रात्री उजव्या खवाट्याखाली जी खाज सुटली, तिला हात लावला नाही.

हो, शर्ट जुना घाला. खुणेची शाई कापडाला लागते. वापरातला साबण, तेल, मलमं पिशवीत घेऊन जा, विचारतात.

शुक्रवारी डॉक्टरांनी त्याच खवाट्याखाली बोट फिरवलं. लाल, उंचावलेलं, वर बारीक फोड. "पार्थेनियम, दोन प्लस." म्हणजे जोरदार ॲलर्जी. इसबाचं नाव कळल्यावर माणसाला आनंद होतो, हे मला नवीन होतं.

या गवताची भारतातली नोंद १९५६ साली छापली गेली, तीही पुण्यात सापडलेल्या गवताचीच. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. या गवतातलं पार्थेनिन हे रसायन ॲलर्जीचं मुख्य कारण. वाळलेल्या गवताचा धुरळा उडतो, म्हणून उघडं अंगच धरतं. मी तर इतकी वर्षं ते उघड्या हातांनी उपटत होतो. आता पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि उपटायचं काम दुसऱ्याकडं, तेही फुलावर यायच्या आत. गोळी सुरू आहे, अझाथायोप्रिन, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी. तिच्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं, ते टाळत नाही.

एक गोष्ट मात्र लागली. शेवंती त्याच कुळातली, आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही धरू शकते. माझी अर्धा एकर शेवंती आहे. डॉक्टरांनी तिचं फूल नि पान तपासायला आणायला सांगितलंय. किट आलंय का ते फोन करून विचारलं, आणि सुट्टी नाही ना तेही पाहून ठेवलंय.