पिवळं डोकं

गोव्यात कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करायची म्हणजे जूनपासून चार महिने बुरशीशी भांडण. लोकांना वाटतं, आम्ही रंग भरतो. खरं काम आधीच्या फ्रेमवाल्याचं पाप धुण्याचं. डिचोलीच्या एका निवृत्त बाईंनी म्हापशाला माझ्या गाळ्यावर आणलेल्या जलरंगाचंही तेच. मागं प्लायवूड, चित्र त्यावर पांढऱ्या गोंदानं थापलेलं, काच थेट रंगाला टेकलेली. तीन दिवस ओला टिपकागद आणि पातळ पात्याची सुरी घेऊन बसलो. कागदाला एक चीर गेली नाही. हे आधी सांगून घेतो, कारण पुढं सांगण्यासारखं काही नाही.

चित्रात फांदीवर तीन पक्षी. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट. आपल्या मुनियांचे नातेवाईक, उत्तर ऑस्ट्रेलियातले गोल्डियन फिंच. एकाचं डोकं काळं, दुसऱ्याचं लाल, तिसऱ्याचं पिवळसर नारिंगी. मी ठरवून टाकलं, लाल उडालाय. जुना किरमिजी उन्हात उडतोच. चोचीचं टोकही पिवळं, म्हणजे तेही उडालं. शेजारच्या पक्ष्याचा लाल त्याच कागदावर, त्याच उजेडात शाबूत होता. दिसत होता, डोक्यात शिरला नाही.

मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे पाण्यानं पुन्हा सुटणाऱ्या खळीचा थर दिला आणि वर लालाचे दोन फटकारे. तेवढ्यात छत्री झटकत बाई आल्या.

"भाऊ, ह्याला लाल कशाला केलात? मामांच्या पिंजऱ्यातला तो पिवळाच होता. घरापुढच्या बाल्कांवात समोर ठेवून काढलाय त्यांनी."

रात्री वाचत बसलो. रानात बहुतेकांची डोकी काळी, साधारण चौथा हिस्सा लाल. पिवळं हजारोंत एखादं. तो पक्षी दाण्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा लाल बनवू शकत नाही, म्हणून चोचीचं टोकही पिवळंच. मी ज्याला पुरावा समजलो, तीच त्याची ओळख! इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डनं १८४४ मध्ये ह्या पक्ष्याला बायकोचं, एलिझाबेथचं नाव दिलं. ती स्वतः पक्ष्यांची चित्रं काढायची. १८४१ मध्येच गेली होती. पिल्लांच्या जबड्याच्या कोपऱ्यांवर निळे मणी असतात, झाडाच्या ढोलीतल्या अंधारात चमकणारे. हे सगळं ब्रश उचलण्याआधी अर्ध्या तासात वाचता आलं असतं.

थर होता म्हणून लाल निघाला. जवळजवळ सगळा. गालापाशी, जिथं थर पातळ पडला होता, तिथं गुलाबी झाक राहिली. बाईंना दाखवली, पैसे घेतले नाहीत. त्या भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पहिल्यापासून असेल."

मी काम सुरू करण्याआधीचा फोटो काढून ठेवला होता. मोबाईलवर, गाळ्यातल्या पिवळ्या बल्बखाली. त्यात तिन्ही डोकी पिवळट दिसतात.