आमची वाटचाल : हातोडी, दुर्बीण आणि बत्तीस पानं

इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची चित्रपुस्तकं मुलांसाठी काढायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मजकूर माझा, चित्रं भागीदाराची. पहिल्याच दिवशी नियम केला की बाईच्या हातात तिच्या कामाचं अवजार दिसलंच पाहिजे. डोक्यामागे तेजोवलय नको, हात जोडून उभं राहणं नको. दोन फर्मे (एक फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी), बत्तीस पानं, चाररंगी छपाई.

पहिली होती कॅरोलाइन हर्शेल. 1786 साली तिने पहिला धूमकेतू शोधला, पुढे आणखी सात. लहानपणच्या आजारामुळे तिची उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली, म्हणून भागीदाराने टेबल, खुर्ची, दाराची कडी सगळं तिच्या मापाशी ताडून काढलं. एका पानासाठी सहा-सहा कच्ची रेखाटनं व्हायची. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगते, चित्रकाराच्या हातात मजकूर देण्याआधी त्या काळातल्या वस्तूंचे फोटो द्या. आणि डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, हाताने दुमडून, पिन मारून बघितल्याशिवाय छपाईच्या प्लेटा काढायला देऊ नका. पडद्यावर जुळलेलं चित्र घडीत अर्धं नाक गिळतं.

सावित्रीबाईंच्या पुस्तकाच्या वेळी वितरक म्हणाले, शाळेपाशी थांबा, मुलांच्या पुस्तकात प्लेग कशाला? 1897 साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच त्या गेल्या. ते पान काढलं तर बाई अर्ध्याच उरतात. आम्ही काढलं नाही.

मग आली मेरी ॲनिंग. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, लाइम रेजिसच्या कड्याखाली हातोडी घेऊन जीवाश्म खणणारी. 1823 साली तिने प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा बाहेर काढला आणि आमच्या पहिल्या आवृत्तीत छापलं गेलं 1832. प्रूफं मीच वाचली होती, चूक माझीच. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आम्ही दोघींनी रात्री जागून प्रतीप्रतीत चिकटवल्या.

वर्षभरात एका मोठ्या प्रकाशकाने थोर स्त्रियांचा बारा पुस्तकांचा संच आणला. आकार आमचा, पानं तेवढीच, नावांचा क्रमसुद्धा आमचाच. बाराही जणींचा चेहरा एक, फक्त कपडे वेगळे. ॲनिंगच्या हातात हातोडीऐवजी फुलांचा गुच्छ! आणि आत साल? 1832. चिठ्ठी न चिकटवलेली आमची एखादी प्रत त्यांच्या हाती लागली असणार. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. वकील म्हणाले, तारखेवर कुणाची मालकी नसते. ते पुस्तक मी आजही जपून ठेवलं आहे आणि तो राग अजून गेलेला नाही.

त्यांचं कमिशन आमच्यापेक्षा जास्त, त्यामुळे वितरकांनी आमचे गठ्ठे परत पाठवायला सुरुवात केली. कोपरे चेपलेले, वेष्टणावर शाईचे डाग. अशी प्रत नवी म्हणून विकता येत नाही. उधारीवर माल देताना परतीच्या अटी लेखी घ्या, आम्ही शब्दावर विसंबलो. छापखान्याचं बिल थकलं, कागदवाल्याने पुढचा माल रोखीवरच देईन म्हणून सांगितलं. भागीदाराने शिकवायची नोकरी धरली. पुढची चित्रं तिने रात्रीची काढली.

दुकान बंद करायचं हे माझं ठरलंच होतं. तेव्हा एका शाळेच्या ग्रंथपाल बाई आल्या. पहिल्या पुस्तकापासून त्या दर वर्षी खरेदी करायच्या. पिशवीतून त्यांनी ॲनिंगची प्रत काढली. कव्हर सुटलेलं, पिनांची भोकं फाकून लांब झालेली, मधलं पान लोंबत होतं. त्या पानावर 1833 ची दरड आहे, ज्यात ॲनिंगचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. नोंदवहीत या एका पुस्तकापुढे सह्यांनी अडीच पानं भरली होती.

"अहो, मुलं हेच पान उघडून बसतात," त्या म्हणाल्या. "मला नवीन पुस्तक नकोय. हेच द्या, पण पिना काढा आणि दोरा घाला."

दोराशिलाईला खर्च जास्त आणि दोन फर्म्यांच्या पुस्तकाला कुणी शिवत नाही, असं बाइंडरने ऐकवलं. तरी पुस्तकं शिवून घेतली. बाईंनी स्वतः घेतलीच, शिवाय ओळखीच्या आणखी ग्रंथपालांना आमचं नाव सांगितलं. त्या ऑर्डरी वितरकामार्फत आल्या नाहीत, थेट आल्या, पैसेही आगाऊ. छापखान्याचं बिल त्यातून फिटलं.

पुढची वर्षं बरी गेली. आता कीटकांची चित्रं काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियनचं पुस्तक छापायला गेलं आहे. 1699 साली, बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला निघालेली बाई. भागीदाराने प्रत्येक सुरवंट त्याच्या खाण्याच्या झाडावरच काढला आहे, कारण मेरियन तसंच काढायची. हिरवा रंग दोन प्रूफांत पिवळट आला, तिसरं मागवलं आहे.

बाईंची ती लोंबत्या पानाची प्रत आम्ही परत दिली नाही, बदल्यात शिवलेल्या दोन दिल्या. नवा बाइंडर आला की दराचं बोलण्याआधी ती त्याच्या हातात देते आणि मधलं पान ओढून बघायला सांगते.