ब्याडगी, गूळ आणि पोर्कचा कोरडा मसाला : माझा अनुभव

माझा भाचा जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम करतो. मागच्या वर्षी सुट्टीवर बेळगावला आला, तेव्हा परसातली पेरूची सुकलेली लाकडं बघून म्हणाला, "मामा, यावर एकदा अमेरिकन पद्धतीचं पोर्क करू की." करायचं राहूनच गेलं. जाताना एका कागदावर मसाला लिहून ठेवला: पाप्रिका, ब्राउन शुगर, मीठ, मिरी, गार्लिक पावडर, ओनियन पावडर, जिरे, मोहरी, थोडं कायेन, म्हणजे झणझणीत लाल मिरचीचं तिखट. तिकडे याला रब म्हणतात, म्हणजे मांसाला चोळायचा कोरडा मसाला. तो नीट जमायला मला तीन खेपा लागल्या.

आमच्या घरात पोर्क शिजत नाही. कॅम्पात राहायचो तेव्हा नाताळात शेजारच्या आंटींकडून डबा यायचा, तेवढीच माझी ओळख. त्यामुळे चूल परसात, भांडी वेगळी आणि बायकोला त्रास नको, हे आधीच ठरलं होतं. मसाला मात्र तिने कौतुकाने हाताळून बघितला. पहिली चूकही तिनेच दाखवली.

पाप्रिका म्हणजे लाल तिखटच, असं मी धरून चाललो होतो. घरात संकेश्वरी या झणझणीत मिरचीचं तिखट होतं, तेच घेतलं. शिवाय हात सवयीचा, म्हणून कांदा-लसूण मसाल्यासारखं सगळं तेलावर परतलं. पाच तासांनी मांस बाहेर काढलं तेव्हा वरचा थर काळा आणि कडू झाला होता, आणि तिखट इतकं की दोन घासांवर कुणी गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, मसाला आधीच भाजून झालाय. परत पाच तास आगीवर ठेवला तर जळणारच की." आपला मसाला रश्शात पडतो, पाण्यात उकळतो. हा मसाला कोरड्या आचेत तासन्‌तास बसतो, त्यामुळे त्याचं भाजणं मांसावरच व्हायचं असतं.

मग कागदावरचं नाव सोडून जिन्नस काय काम करतो ते बघायला लागलो. पाप्रिका मुख्यतः रंगाला असते. रविवार पेठेत दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "रंगाला पाहिजे की तिखटाला ओ?" रंगाला म्हटल्यावर त्याने दोन पोती उघडली. दोन्ही ब्याडगीच. एक डब्बी, आखूड नि फुगीर. दुसरी कड्डी, लांब आणि सुरकुतलेली. कड्डी म्हणजे कानडीत काडी, नावाप्रमाणेच सडपातळ. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही मिरची. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, तिखटपणा बेताचा, आणि तिच्यातून काढलेला रंग सौंदर्यप्रसाधनांतही वापरतात. ज्या कामासाठी परदेशातून डबा मागवायचा विचार होता, त्या कामाची मिरची तीन तासांच्या वाटेवर पिकते!

मी डब्बी घेतली. देठ आणि बिया काढायला अख्खी दुपार गेली, पण तिथे आळस करू नका. बिया राहिल्या तर पूड फिकट पडते. मिरच्या दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या, तवा नुसता कोमट करून जरा फिरवल्या आणि मिक्सरला लावल्या. डंकावर द्यायचा मोह झाला होता. पण तिथे आधीच्या माणसाच्या मसाल्याचं तेल आणि तिखट लागतंच, आणि मला रंग निर्मळ हवा होता. संकेश्वरी पूर्ण टाकली नाही, तिला कायेनची जागा दिली, अगदी चिमटीने.

लसूण आणि कांद्याची पूड विकत मिळते, पण मी घरी केली. पातळ चकत्या मार्चच्या उन्हात सुती कापडाखाली चार दिवस. चकती वाकली तर अजून ओली आहे, मोडताना कट्ट आवाज आला तर झाली. मी लसूण एक दिवस आधीच काढली होती, तर मिक्सरच्या भांड्याला गोंदासारखी चिकटून बसली.

दुसऱ्या खेपेला रंग सुरेख आला, गुळाने मात्र फसवलं. ब्राउन शुगर म्हणजे साखर आणि मळी. आपल्या गुळात मळीचा अंश असतोच, म्हणून चवीला बदल चांगला जमतो. पण गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि बेळगावचा पाऊस तर माहीतच आहे. जूनच्या शेवटी बरणी उघडली तर आत मसाल्याचा दगड. मिठानेही तेच केलं असणार. दुसरं असं की, मीठ मसाल्यात मिसळलेलं असलं की हात सैल सोडता येत नाही. मसाला जास्त लावावा तर खारट, कमी लावावा तर वरचा थर धरत नाही.

तेव्हापासून मीठ आणि गूळ दोन्ही बरणीबाहेर ठेवतो. मीठ मांसाच्या वजनावर घेतो, किलोला १५ ग्राम, काट्यावर मोजून. ते आदल्या रात्री चोळून मांस फ्रीजमध्ये उघडं ठेवतो. मीठ आत उतरतं. मिरची-मिरीचा मसाला वरच राहतो, त्याने फार खोल जावं अशी अपेक्षाच ठेवू नये. सकाळी मांसाची वरची ओल पुसून मसाला आणि किसून वाळवलेला गूळ त्याच वेळी मिसळून लावतो.

आता बरणीत जातं ते असं: ब्याडगीची पूड ६० ग्राम, जाडसर कुटलेली मिरी २०, लसूण पूड २०, कांदा पूड १५, धणे १५, जिरे १०, मोहरी १०, सुंठ ५ आणि संकेश्वरी ५. धणे-जिरे फक्त वास सुटेपर्यंत कोरडे गरम करायचे, रंग बदलू द्यायचा नाही. यातला ५० ग्राम मसाला आणि २० ग्राम गूळ दोन किलोच्या तुकड्याला पुरतो. धणे कागदावर नव्हते, ते आमच्या घरचे.

तिसऱ्या खेपेला खांद्याचा तुकडा घेतला, चरबी धरून असलेला. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, वर झाकण. गूळ असल्यामुळे थेट आगीवर ठेवलं की करपतं, म्हणून झाकणाखालची उष्णता ११० ते १२० अंशांवर धरली. मांसात खुपसायचा थर्मामीटर भाच्याने पाठवला होता. ७० अंशांच्या आसपास काटा जवळजवळ दोन तास हललाच नाही. मी घाबरून निखारे वाढवणार होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन लागला. "मामा, हात लावू नका. मांसाला घाम येतोय, त्यानेच ते गार राहतंय." शेवटी केळीच्या पानात गुंडाळलं आणि ९३ अंशांवर उतरवलं. एकूण आठ तास झाले. हाड ओढलं तर नुसतं हातात आलं. वरचा थर गडद तांबडा-काळा, कडेला कुरकुरीत, आणि कडू अजिबात नाही.

निपाणीहून ताई आली होती. तिने वरचा थरच आधी उचलून खाल्ला आणि विचारलं, "यात आपली मिरची कुठली रे?" जाताना अर्धी बरणी घेऊन गेली. तिच्या बरणीवर मी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं: यात मीठ नाही, गूळ नाही.